धुतलेली कादंबरी

ब्लॅकपूलला नोव्हेंबरात पाहुणे उरत नाहीत,
उरतात चादरी.
हॉटेलं कुलूप लावण्याआधी सगळं एकदम धुवायला काढतात.
गठ्ठ्यांत काय काय येतं:
कवळी, लहान मुलाचा मोजा, एकदा लग्नाची अंगठी.
ह्या खेपेला उशीच्या अभ्र्यात कादंबरी.
टेरेसाला मशीनच्या काचेवर शाई दिसली
तोवर शेवटच्या साठेक पानांची
लापशी झाली होती.

उरलेली मी बॉयलरच्या नळावर वाळत घातली,
जेवणाच्या सुट्टीत एकेक सोडवून वाचली.

गोष्ट एका मापाड्याची.
कुठल्याशा बंदरात चाळीस वर्षं मीठ तोलणारा.
एक दिवस त्याला कळतं, आपलं शेराचं वजन
एका कडेला झिजलंय.
कुणी घासलं नव्हतं.
त्याच्याच अंगठ्याखाली, रोज उचलून, झिजलं होतं.
मग पाठीवर मिठाचं पोतं टाकून
तो गावोगाव राहिलेलं देत निघतो.
लोक दारं लावून घेतात.
कुणी म्हणतं, माझा बाप फसला म्हणतोस?
एक बाई म्हणते, इतकंच? अजून काढ.
शेवटी एक खाडी लागते. पाण्यात उतरतो,
पोतं पाठीवरच,
पाणी कमरेपर्यंत

आणि तिथून पुढे लापशी.

आमच्याकडे कापड किलोवर घेतात.
मागच्या दाराशी जमिनीत बसवलेला काटा,
अकरा वर्षांपूर्वी धंद्याबरोबर विकत घेतलेला.
त्याच्यावरचा विश्वासही त्याच किमतीत आला.
प्रेस्टनहून माणूस बोलावला.
त्याने पेटीतली वजनं मांडली, खोकला,
म्हणाला, शंभराला दीड किलो जास्त दाखवतोय.
कधीपासून?
सांगता येत नाही, मॅडम. हळूहळू होतं.

मापात पाप, म्हणतात आपल्यात.
इथे तर पाप करायला कुणी हजरच नव्हतं.

यशोधन, माझा भाचा,
लंडनला दुसऱ्यांच्या पैशावर तिसऱ्यांच्या कंपन्या मोठ्या करतो.
फोनवर म्हणाला, मावशी, झाकली मूठ सव्वा लाखाची.
मी म्हटलं, नऊ हजार दोनशे चाळीस पाउंडांची. हिशेब केलाय.
तो म्हणाला, अगं, त्यात धंदा स्केल होईल.
मी म्हटलं, स्केलचंच तर चाललंय.
त्याला विनोद कळला नाही. किंवा कळला.

सतरा पाकिटं केली.
सहा हॉटेलं आता नाहीतच,
त्यांतल्या एकाच्या जागी गाड्या लावतात.
डेरेक हॅलिवेलने चेक वटवला
आणि पुढच्या सोमवारपासून कापड लिथमला पाठवू लागला.
त्याचं चुकलं, असं मला म्हणवत नाही.
नॉर्थ शोअरच्या मिसेस ऑर्मरॉडने, सात खोल्या, गुडघे गेलेले,
चेक परत पाठवला, सोबत गुलाबी रॉकची कांडी
आणि चिठ्ठी: तुमच्या भाड्याच्या दोन चादरी
माझ्या स्वतःच्या पलंगावर आहेत. बरीच वर्षं.
म्हणजे फिट्टंफाट.

मला वाटलं, संपलं.
तेव्हा टेरेसा दारात आली, हात पुसत.
म्हणाली, आमची इस्त्रीची मजुरीही त्याच काट्यावर होती.
म्हणजे आम्हाला जास्त मिळत होतं.
परत द्यायचं का?

मी कादंबरीची पानं मनातल्या मनात उलटली.
मापाडी होता, गिऱ्हाइकं होती, मीठ होतं, खाडी होती.
गोण्या उचलणारे हमाल
दोनशे पानांत कुठेच नव्हते.
लापशीत असतील तर माहीत नाही.

मी म्हटलं, चहा झाला का तुझा?

नव्या काट्यावर तिची मजुरी कमी भरते.
दर वाढवलाय, दोन पेन्स किलोमागे.
यशोधनला अजून सांगितलेलं नाही.

शेवटची पानं वाळून त्यांची वीट झाली,
ती बिलांवर ठेवते, वाऱ्याला.
दार उघडलं की इथे खारं काहीतरी आत येतं.
परवा सहज नव्या काट्यावर ठेवून पाहिली.
जमिनीतला काटा, गठ्ठ्यांसाठीचा.
त्याने शून्य दाखवलं.